बुगिस कृषिग्रामातील जीवित, मालमत्ता आणि सुरक्षितता : एक विवेचन

१. प्रस्तावना

इंडोनेशियातील दक्षिण सुलावेसी प्रांतात, सिदेनरेंग परगण्यात, एक कथा आजही सांगितली जाते. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास नेने माल्लोमो नावाचा न्यायवेत्ता तेथे होऊन गेला. एके वर्षी पाऊस हरपला व भाताचे पीक बुडाले. कोणाच्या तरी हातून मोठा अधर्म घडल्याखेरीज असे व्हावयाचे नाही, या समजुतीने शोध सुरू झाला. तेव्हा नेने माल्लोमोच्या स्वतःच्या मुलानेच मोडलेल्या शेतअवजाराच्या दुरुस्तीसाठी शेजाऱ्याचे लाकूड न विचारता घेतल्याचे उघडकीस आले. पित्याने पुत्राला देहान्ताची शिक्षा दिली. रूढीला ना मूल असते ना नातू, हे तत्त्व या कथेशी कायमचे जोडले गेले.

कथेची ऐतिहासिकता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. एका लाकडाच्या तुकड्यापायी एक जीव जातो आणि संपूर्ण गावाचे पीक त्या तुकड्यावर अवलंबून असते, ही कल्पना मात्र विचारात घेण्यासारखी आहे. जीवित, मालमत्ता आणि सुरक्षितता या तीन गोष्टी आधुनिक कायद्याने वेगवेगळ्या प्रकरणांत विभागल्या आहेत. बुगिस शेतकऱ्याच्या परंपरागत जाणिवेत त्या एकाच धाग्याने बांधलेल्या होत्या. हा धागा कोणता, तो कसा टिकला आणि आज तो कोठे विरत चालला आहे, याचा शोध घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. बुगिस समाजाची पार्श्वभूमी

बुगिस हा दक्षिण सुलावेसीतील सर्वांत मोठा जनसमूह होय. २०१० च्या जनगणनेनुसार इंडोनेशियात त्यांची संख्या सुमारे ६३ लाख होती. बोने, वाजो, सोप्पेंग आणि लुवू ही त्यांची प्रमुख राज्ये. यांपैकी बोने, वाजो व सोप्पेंग यांनी १५८२ साली परस्परसंरक्षणाचा करार केला. सतराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या राज्यांनी इस्लामचा स्वीकार केला. बोनेने तो १६११ मध्ये केला.

जगाला बुगिस परिचित आहेत ते दर्यावर्दी व व्यापारी म्हणून. क्रिस्तियाँ पेल्रास या फ्रेंच अभ्यासकाने १९९६ च्या आपल्या ग्रंथात ही प्रतिमा अपुरी असल्याचे दाखवून दिले. बहुसंख्य बुगिस हे पूर्वापार शेतकरीच आहेत. 'गालुंग' म्हणजे भाताचे खाचर आणि 'दारे' म्हणजे कोरडवाहू जमीन, या दोहोंभोवती त्यांचे जीवन फिरते. सिदेनरेंग-राप्पांग व पिनरांग हे जिल्हे आज भाताची कोठारे म्हणून ओळखले जातात.

भारतीय वाचकाला या संस्कृतीत काही ओळखीचे स्वर ऐकू येतात. बुगिस भाषेची 'लोन्तारा' ही लिपी ब्राह्मी कुळातील असून तिचे नाव ताडाच्या पानावरून पडले आहे. भाताची देवी 'सांगियांग सेर्री' हिच्या नावातील 'सेर्री' म्हणजे आपली 'श्री'. पाताळलोकाला असलेले 'पेरेतिवी' हे नाव 'पृथ्वी' या शब्दापासून आले आहे, तर न्यायनिवाड्यासाठी वापरला जाणारा 'बिचारा' हा शब्द संस्कृत 'विचार' याचेच रूप आहे. इस्लामच्या स्वीकारानंतरही ही शब्दसंपदा पुसली गेली नाही.

रूढींच्या समग्र व्यवस्थेला बुगिस 'पांगादेरेंग' म्हणतात. तिचे पाच आधार मानले जातात : 'अदे' (रूढ नियम), 'बिचारा' (न्यायनिवाडा), 'रापांग' (पूर्वदृष्टान्त), 'वारी' (दर्जा व मर्यादा यांचा भेद) आणि इस्लामोत्तर काळात जोडला गेलेला 'सारा' (शरियत). मात्तुलादा या बुगिस विद्वानाने 'लातोआ' या जुन्या नीतिसंग्रहाच्या अभ्यासातून या व्यवस्थेची साक्षेपी मांडणी केली आहे.

३. घर : संरक्षणाचे पहिले वर्तुळ

पारंपरिक बुगिस घर लाकडाचे असून खांबांवर उभे असते. त्याचे तीन स्तर आहेत. छपराखालचा माळा म्हणजे 'राक्केआंग'. तेथे भाताच्या पेंढ्या साठवीत. मधला राहता मजला 'आले बोला'. खांबांमधील मोकळी जागा म्हणजे 'आवा बोला'. तेथे गुरे, नांगर व अन्य अवजारे असत. स्वर्ग, मर्त्यलोक आणि पाताळ या त्रिलोकाची ही प्रतिकृती मानली जाते.

या रचनेकडे केवळ विश्वकल्पनेच्या दृष्टीने पाहणे पुरेसे नाही. तिच्यात सुरक्षिततेचा व्यवहारी हिशेबही आहे. वर्षभराचे धान्य माणसांच्या डोक्यावर आणि गुरेढोरे माणसांच्या पायाखाली, अशी ही मांडणी आहे. माळ्यावर जाणाऱ्याला राहत्या घरातून जावे लागते व रात्री गुरे हलली तर फळ्यांच्या फटींतून आवाज वर येतो. कुटुंबाची सर्वांत मौल्यवान चल मालमत्ता अशा रीतीने झोपलेल्या माणसांच्याच पहाऱ्यात राहते. सखल भागात पुराचे पाणी आणि ओल यांपासूनही ही उंची संरक्षण देते. वाजो, सोप्पेंग व सिदेनरेंग-राप्पांग यांच्या सीमेवरील तेम्पे सरोवराचे पाणी पावसाळ्यात दूरवर पसरते. तेथे खांबांवरील घराचे मोल विशेषच जाणवते.

घराच्या खांबांपैकी एक 'पोसी बोला', म्हणजे घराची नाभी, मानला जातो. घर उभारताना त्याचे विधी आधी होतात. जिना चढून वर येणारा परका मनुष्य यजमानाच्या अनुमतीशिवाय आत पाऊल टाकीत नाही. उंबरठ्याचे उल्लंघन ही केवळ घुसखोरी न राहता कुटुंबाच्या प्रतिष्ठेवरचा आघात ठरतो.

आणखी एक बाब मालमत्तेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बुगिस घर हे स्थावर नसते. ते सुटे करून दुसरीकडे उभारता येते, जमिनीवाचून विकताही येते. 'माप्पालेत्ते बोला' या प्रथेत तर गावातील पुरुष एकत्र येऊन संपूर्ण घर खांद्यावर उचलतात आणि नव्या जागी नेऊन ठेवतात. इंडोनेशियाच्या रूढिजन्य कायद्यात जमीन आणि तिच्यावरील बांधकाम यांची मालकी वेगवेगळी असू शकते. हे तत्त्व बुगिस गावात ग्रंथांतून आलेले नसून खांद्यावरून चालत आलेले आहे. मात्र घर उचलावयास शेजारी लागतात. ज्याला शेजारी नाहीत त्याचे घर हलत नाही. मालकी एकट्याची आणि तिचा उपभोग मात्र समूहावर अवलंबून, असे हे नाते आहे.

४. धान्याची राखण

बोनेच्या परंपरागत इतिवृत्तात पहिल्या राजाशी प्रजेने केलेल्या कराराचा वृत्तान्त आहे. पक्ष्यांपासून जसे भात राखावे तसे आम्हांला राख आणि थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घाल, अशा आशयाची मागणी प्रजेने त्यात केली आहे. राज्यकर्त्याच्या कर्तव्यासाठी शेतकऱ्यांनी निवडलेली उपमा शेताच्या राखणीची आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण होय. सुरक्षितता म्हणजे राखण, आणि राखण म्हणजे जागरण.

हीच कल्पना 'माद्दोजा बिने' या विधीत दिसते. पेरणीपूर्वी बियाण्याचे भात घरात ठेवून रात्रभर त्याच्यापाशी जागावयाचे, असा हा विधी आहे. या रात्री 'मेओंग पालो कारेल्लाए' या तिरंगी मांजराची पोथी वाचली जात असे. हे मांजर भाताच्या देवीचे सोबती. मासा पळविल्याबद्दल लोकांनी त्याला मारहाण केली, तेव्हा देवी रुसून निघाली आणि सदाचारी माणसांच्या शोधात गावोगाव फिरत अखेर बारू येथे विसावली, असे कथासूत्र आहे. मांजर उंदरांपासून धान्य राखते, हा तिचा लौकिक अर्थ झाला. जेथे दुर्बळाला निष्ठुरपणे वागविले जाते तेथे धान्य टिकत नाही, हा तिचा नैतिक अर्थ होय.

पेरणीचा दिवस ठरविण्यासाठी शेतकरी 'तुदांग सिपुलुंग', म्हणजे एकत्र बैठक, भरवितात. ऋतुमानाचे जाणकार, पाण्याचे व्यवस्थापक व ग्रामाधिकारी तीत भाग घेतात. सर्वांनी एकाच सुमारास लावणी केल्यास कीड व उंदीर यांचा उपद्रव विभागला जातो आणि पाण्यावरून होणारे तंटे टळतात. शासकीय कृषिखात्यानेही पुढे ही बैठक आपल्या कार्यपद्धतीत सामावून घेतली. भांडण मिटविण्यापेक्षा त्याचे कारणच उद्भवू न देणे, ही येथील सुरक्षाव्यवस्थेची खरी खूण म्हणता येईल.

५. जमीन, वारसा आणि गहाण

बुगिस नातेव्यवस्था उभयपक्षी आहे. आई व वडील या दोहोंकडून नाते व मालमत्ता मिळते. वारशाने आलेली मालमत्ता 'माना' व विवाहानंतर दोघांनी मिळविलेली ती 'चाक्कारा'. पुरुष कावडीवर दोन टोपल्या वाहतो तर स्त्री डोक्यावर एक, या अर्थाच्या म्हणीने मुलाला दोन व मुलीला एक हिस्सा या वाटणीचे समर्थन केले जाते. प्रत्यक्षात हा नियम पुष्कळ लवचीक आहे. आईवडिलांना अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या अपत्याकडे, बहुधा मुलीकडे, घर जाते. इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाह कायद्याने पतिपत्नींची संयुक्त मालमत्ता मान्य केली. १९९१ च्या इस्लामी कायदासंहितेने वारसांना आपापला हिस्सा समजून घेतल्यानंतर सामंजस्याने वेगळी वाटणी करण्याची मोकळीक दिली. विवाहप्रसंगी वधूला द्यावयाचा 'सोम्पा' पुष्कळदा जमिनीच्या रूपाने दिला जातो. त्यामुळे स्त्रीच्या नावे शेत असणे या समाजात अपवादात्मक नाही.

जमीन न विकता पैसा उभा करण्याचा रूढ मार्ग म्हणजे 'सान्रा'. यात धनको रक्कम देतो आणि ती परत मिळेपर्यंत शेताचे उत्पन्न घेतो. विवाह, आजारपण, मक्केची यात्रा अथवा स्थलांतराचा खर्च यांसाठी शेत सान्रा ठेवले जाते. विक्री म्हणजे वाडवडिलांच्या मातीशी नाते तोडणे. सान्राने ते टिकून राहते. परंतु वर्षानुवर्षे उत्पन्न घेऊनही मूळ रक्कम फिटत नाही, हा यातील दोष आहे. म्हणूनच १९६० च्या कायद्याने सात वर्षे वा अधिक काळ गहाण राहिलेली शेतजमीन कोणतीही रक्कम न घेता मूळ मालकास परत करावी, असे ठरविले. गावात मात्र घेतलेले पैसे परत न करता शेत मागणे लाजिरवाणे समजले जाते. कायदा ज्याच्या बाजूने उभा आहे तोच त्याचा आधार घ्यावयास कचरतो.

बटाईच्या 'तेसेंग' पद्धतीविषयीही असेच म्हणता येईल. १९६० च्याच दुसऱ्या कायद्याने बटाईचा करार लेखी असावा आणि भातखाचरासाठी त्याची मुदत किमान तीन वर्षे असावी, असे सांगितले. व्यवहारात हा करार बहुधा तोंडीच राहिला. त्यामागे केवळ अज्ञान नाही. बटाईदार व मालक हे अनेकदा आप्त असतात, किंवा 'अज्जोआरेंग' (आश्रयदाता) आणि 'जोआ' (अनुयायी) या जुन्या नात्याने बांधलेले असतात. आश्रयदात्याने संकटात पाठीशी उभे राहावे आणि अनुयायाने निष्ठा द्यावी, असा हा अलिखित करार आहे. त्याच्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे होय. नाते चांगले असेपर्यंत बटाईदार सुरक्षित असतो. ते बिघडले, किंवा मालकाच्या मृत्यूनंतर वारस शहरातून आले, की त्याच्या हाती काहीच उरत नाही.

६. सिरि आणि पेस्से : रक्षक भावना, मारक भावना

बुगिस जीवनदृष्टीच्या केंद्रस्थानी 'सिरि' आणि 'पेस्से' या दोन संकल्पना आहेत. सिरि म्हणजे आत्मप्रतिष्ठा आणि ती गमावल्याची लाज, हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात आहेत. पेस्से म्हणजे दुसऱ्याचे दुःख आपल्या काळजाला झोंबणे. चोरी करणे सिरिला कलंक लावते, तसेच आपल्या आश्रयास आलेल्याचे रक्षण न करणेही लावते. ज्या गावात पोलिसठाणे दूर आणि दारे लाकडी, तेथे ही भावना कुलपाचे काम करीत आली आहे.

तिची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. कुटुंबाच्या संमतीवाचून युवक-युवती पळून गेले, तर मुलीच्या पुरुष आप्तांची सिरि भंगते आणि जुन्या रूढीनुसार रक्तपाताची शक्यता निर्माण होते. याच रूढीने त्यावर उताराही ठेवला आहे. त्या जोडप्याने इमामाच्या किंवा ग्रामप्रमुखाच्या घरी आश्रय घेतला की त्यांच्यावर हात उगारता येत नाही. तेथून विवाह लावला जातो आणि पुढे योग्य वेळी समेटाचा विधी होतो. एका घराच्या प्रतिष्ठेने आलेले मरण दुसऱ्या घराच्या प्रतिष्ठेने टळते. तथापि हा आश्रय गाठेपर्यंतचे अंतर त्या दोघांना स्वतःच्या पायांनीच कापावे लागते, हे विसरता येणार नाही. सिरिची राखण करणारे पुरुष आणि तिची किंमत मोजणाऱ्या बव्हंशी स्त्रिया, ही विषमता या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर उणीव होय.

७. राज्यसंस्था आणि गावाची सुरक्षितता

बाह्य सत्तेने गावाला नेहमीच संरक्षण दिले असे इतिहास सांगत नाही. १९०५ मध्ये डचांनी दक्षिण सुलावेसीवर लष्करी मोहीम उघडली व स्थानिक राज्यांची स्वायत्तता संपविली. राज्याराज्यांतील युद्धे थांबली आणि गुलामगिरीला बंदी झाली. त्याबरोबरच कर व सक्तीची रस्तेबांधणीही आली.

स्वातंत्र्योत्तर काळातील अनुभव अधिक दाहक होता. १९५० पासून कहार मुझक्कर याच्या नेतृत्वाखाली बंड पेटले. १९५३ मध्ये ते दारुल इस्लाम चळवळीशी जोडले गेले आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत चालले. ग्रामीण प्रदेशाचा मोठा भाग बंडखोरांच्या हाती, तर शहरे व मुख्य रस्ते सैन्याच्या हाती, अशी स्थिती दीर्घकाळ होती. शेतकरी दोहोंच्या कात्रीत सापडला. सरदारी बिरुदांवर आणि इस्लामपूर्व विधींवर बंडखोरांनी बंदी घातली. 'बिस्सू' या परंपरागत पुरोहितवर्गाला छळ सोसावा लागला. अनेक गावे ओस पडली आणि असंख्य कुटुंबे मकास्सर, सुमात्रा अशा ठिकाणी निघून गेली. माळ्यावर साठविलेले भात या काळात संरक्षण न ठरता धोका ठरले, कारण ज्याच्याकडे धान्य त्याच्याकडे दोन्ही बाजू येत. स्थलांतराला बुगिस 'सोम्पे' म्हणतात. ती केवळ साहसी वृत्ती नव्हे. जेथे जीविताची हमी नाही तेथून निघून जाण्याचा जुना हक्कही तिच्यात आहे.

सुहार्तो राजवटीत, १९८० च्या दशकाच्या आरंभापासून, 'सिस्कामलिंग' ही परिसर-सुरक्षाव्यवस्था देशभर रुजविण्यात आली. गावात पहाऱ्याची चौकी, पाळीपाळीने रात्रीची गस्त आणि धोक्याच्या वेळी वाजवावयाचा लाकडी टोला हे तिचे दृश्य स्वरूप. गावकऱ्यांच्या परस्परसाहाय्याला तिने शिस्त दिली, परंतु ती शासनाच्या देखरेखीचेही साधन बनली. २०१४ च्या ग्राम कायद्याने गावांना अधिक अधिकार व निधी मिळाला आणि शांतता व सुव्यवस्था राखणे हे ग्रामप्रशासनाच्या कर्तव्यांत गणले गेले.

८. बदलती मालमत्ता, बदलते धोके

हरितक्रांतीनंतर अल्पमुदतीच्या वाणांमुळे वर्षातून दोन पिके घेणे शक्य झाले. नव्या वाणाचे भात शेतातच झोडले जाते व तेथूनच व्यापाऱ्याच्या मालमोटारीत जाते. राक्केआंग रिकामा राहू लागला. मालमत्ता धान्याच्या रूपातून पैसा, सोने आणि मोटारसायकल यांच्या रूपात गेली. माळ्यावरचे भात चोरावयास बैलगाडी आणि माणसे लागत. नव्या संपत्तीला एक खिसा पुरतो. अनेक कुटुंबांनी आवा बोलाला विटांच्या भिंती घातल्या किंवा जमिनीवरच पक्के घर बांधले. अशा घराला कुलूप चांगले लागते, पण ते उचलून नेता येत नाही आणि शेजाऱ्यांच्या खांद्यांची त्याला गरजही उरत नाही.

२०१० च्या दशकात कापणी-मळणीची एकत्रित यंत्रे झपाट्याने पसरली. पूर्वी कापणीला येणाऱ्यांना भाताचा वाटा मिळे. भूमिहीन कुटुंबाचा, विशेषतः त्यातील स्त्रियांचा, तो वर्षभराचा आधार होता. यंत्राने काम वेळेत होते व नासाडी कमी होते, हे खरे. परंतु हा वाटा मागण्याचा हक्क कोठेच नोंदलेला नसल्याने तो गेल्याची नोंदही कोठे झाली नाही.

जमिनीच्या बाबतीत कागदाचे महत्त्व वाढत आहे. १९६० च्या मूलभूत कृषिभूमी कायद्याने नोंदणीची चौकट घालून दिली. तरीही दक्षिण सुलावेसीतील अनेक शेतकऱ्यांकडे 'रिंचिक' हा करनोंदीवर आधारलेला जुना दस्तऐवजच होता. नंतरच्या सामूहिक नोंदणी मोहिमांनी लक्षावधी प्रमाणपत्रे दिली. २०२१ च्या शासकीय नियमावलीने तर जुन्या रूढिजन्य लेखांच्या आधारे नोंदणी करण्यास पाच वर्षांची मुदत घातली; त्यानंतर ते मालकीचा पुरावा न राहता केवळ निर्देशक ठरावेत, अशी तरतूद केली.

प्रमाणपत्र मालकाला निश्चितपणे सुरक्षित करते. प्रश्न आहे तो त्याच शेतावर अवलंबून असलेल्या इतरांचा. सान्रा घेणारा, तेसेंगने कसणारा, परगावी गेलेला भाऊ, वाटणीआधीच सासरी गेलेली बहीण, कापणीचा वाटा घेणारी शेजारीण, या सर्वांचे हक्क स्मरणात आणि लाजेत सुरक्षित होते. प्रमाणपत्रावर मालकाचे नाव लिहावयास जागा असते; या हक्कांसाठी नसते.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बुगिस कृषिग्रामात सुरक्षितता ही मालमत्तेभोवती घातलेली भिंत नव्हती. ती मालमत्तेतून निर्माण होणारी नाती होती. घर, धान्य, शेत, आश्रयदाता आणि सिरि ही एकमेकांत गुंतलेली वर्तुळे होती. या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्यातील दर्जाभेद, स्त्रियांवरील भार आणि रक्तपाताची शक्यता झाकून ठेवणे अभ्यासकाला शोभणार नाही. तसेच कायदा व प्रमाणपत्र आले म्हणजे सर्वजण सुरक्षित झाले, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. कायदा अस्तित्वात असूनही सान्रा ठेवणारा व बटाईदार यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही, कारण तो मागावयाचा कोणी, हा प्रश्न त्याने सोडविला नाही.

नेने माल्लोमोच्या कथेत शेजाऱ्याच्या एका लाकडाला न्यायाधीशाच्या मुलाइतकी किंमत होती. ती शिक्षा आज कोणी मागणार नाही. परंतु दुर्बळाच्या किरकोळ मालमत्तेकडे बलवानाच्या जीविताइतक्याच गांभीर्याने पाहिले जाते काय, ही कसोटी मात्र अद्यापि जुनी झालेली नाही.